शेपटीनं टांगलेले बोंबील

शाळेचा शिपाई वर्गाच्या दारात चिठ्ठी घेऊन उभा राहिला तेव्हा मी सातवीच्या मुलींना फळ्यावर समास सोडवून दाखवत होते. चिठ्ठीत माझ्या धाकट्या भावाच्या, दिनूच्या अक्षरात तीनच शब्द होते, 'अक्का, लगेच ये.' गेले एकवीस दिवस जी बातमी मी घराच्या दारातून आत येऊ देत नव्हते, ती शाळेच्या दारातून आली. मी चिठ्ठीची घडी कमरेला खोचली, उरलेले दोन समास सोडवले, फळा स्वच्छ पुसला आणि मग निघाले. मुलींना वाटलं असेल, बाई दगडाच्या आहेत. मला वाटत होतं, मी फळा पुसून बाहेर पडेन तेव्हाच ती गेलेली असेल... तोवर नाही.

शरयू माझी भावजय. एकतीस वर्षांची होती, विषमज्वरानं गेली. डॉक्टर चांगले होते, नवी औषधं होती, दिनू रजा काढून उशाशी बसून होता, आणि तरीही ती गेली. यात कोणाचा दोष नाही, हे मी स्वतःला रोज बजावते. पण त्यानंतर जे सुरू झालं त्यात मात्र दोष आहे, आणि तो मी गप्प बसून पाहणार नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकानं 'कळी उमलण्याआधीच खुडली' असं म्हणायचं ठरवूनच पार्ल्यात पाऊल ठेवलं होतं की काय, कोण जाणे. सातव्या माणसानंतर मी मोजायचं सोडलं. घर टापटीप ठेवणारी, सासू-नणंदेला जपणारी, फावल्या वेळात चित्रं काढायचा गोड छंद असलेली... ही बाई कोण, मला ठाऊक नाही. आमच्या घरात अकरा वर्षं जी राहिली ती हट्टी होती, पोळ्या करपवणारी होती, आणि चित्रं ती फावल्या वेळात काढत नसे. बाकीचं सगळं ती फावल्या वेळात करी.

या सगळ्यावर कळस चढवला एका कलामंडळानं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, ते त्यांना कळेलच. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या चिटणिसांचं पत्र आलं, की 'कै. सौ. शरयूबाईंचे पारितोषिकप्राप्त चित्र' आपल्या वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठावर छापून श्रद्धांजली वाहण्याचा त्यांचा मानस आहे. चार वर्षांपूर्वी बक्षीस मिळालेलं ते चित्र, 'वेसाव्याची सकाळ'. दिनूनं मला न विचारता होकार कळवला, चित्र माळ्यावरून काढून त्याला सोनेरी चौकट करून आणली, आणि आमच्या बाहेरच्या खोलीत हार घालून टांगलं. ते चित्र शरयूनं जिवंतपणी नाकारलं होतं. चारचौघांत, मोठ्यानं, हात वर करून नाकारलं होतं. मेलेल्या माणसाला पुन्हा हात वर करता येत नाही, म्हणून त्याच्या नावावर काहीही खपवावं असं असेल, तर निदान या घरात एक नणंद अजून जिवंत आहे.

ती लग्न होऊन आली ती सांगलीहून. समुद्र पाहिलेला नाही, घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद, चित्रकलेच्या दोन सरकारी परीक्षा पास, आणि बरोबर रुखवतातल्या भांड्यांपेक्षा जपून आणलेली रंगांची एक पत्र्याची डबी. नणंद म्हणून तिला छळणं हे माझं कर्तव्यच होतं, आणि मी ते चोख बजावलं. पहिल्याच आठवड्यात तिनं खिडकीतून दिसणाऱ्या आंब्याचं चित्र काढलं. मी म्हटलं, झाड छान आहे, पण हे आंब्याचं की फणसाचं ते खाली लिहून ठेव. दुसरी एखादी रडली असती. ही चित्र घेऊन खिडकीशी गेली, पुष्कळ वेळ झाडाकडे पाहत राहिली आणि येऊन म्हणाली, "वन्सं, बरोबर आहे तुमचं. मी सांगलीचंच झाड काढलं. पार्ल्याचं पाहिलंच नाही." त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. मला पाठची बहीण नव्हती, लग्नही मी केलं नाही, आणि वयाच्या पस्तिशीत मला अशी कोणीतरी मिळाली जिला चूक दाखवली की आनंद व्हायचा. मास्तरणीला आणखी काय हवं असतं?

तिच्या 'पहिल्या रविवारा'बद्दल आमच्या गल्लीबाहेरच्यांना कळायला हवं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ती आमच्या मागच्या गॅलरीतली कपड्यांची दोरी रिकामी करी आणि तिच्यावर लाकडी चिमट्यांनी त्या महिन्याची सगळी चित्रं लावी. सगळी म्हणजे सगळी. फसलेली, रंग पसरून चिखल झालेली, मध्येच सोडलेलीसुद्धा. मग ती शेजाऱ्यांना बोलावी. चहा मी करायचा, कारण तो तरी बरा व्हावा अशी सर्वांची इच्छा असे. लोक आले की ती एकेका चित्रापाशी उभी राहून सांगे, यात आभाळ जमलं नाही, खूप पाणी झालं. यात ओली वाळू जमली, पण ती कशी जमली ते मला कळलेलं नाही, म्हणून ती जमली असं मी धरत नाही. कोणी नुसतं 'छान' म्हटलं, की ती विचारायची, काय छान? बिचारे लोक चहाच्या कपात तोंड घालायचे. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर एकदा मला म्हणाले, की माणसं आपले गुण दाखवायला प्रदर्शन भरवतात, तुमची भावजय प्रगतिपुस्तक वाचून दाखवते. ते त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं होतं. मी ते शरयूला कौतुक म्हणून सांगितलं.

वर्सोवा, म्हणजे कोळ्यांचं वेसावं, तिला मी दाखवलं, म्हणजे पुढच्या सगळ्याला मूळ कारण मीच. शाळेच्या मुलींची सहल कोळीवाड्याच्या बाजूच्या किनाऱ्यावर न्यायची होती आणि एक बाई आजारी पडल्या, म्हणून मी शरयूला मुली सांभाळायला बरोबर घेतलं. तिनं मुली सांभाळल्या नाहीत. मुली तिला सांभाळत होत्या. ऑक्टोबर सरत आला होता, किनाऱ्यावर बांबूंचे उंच सांगाडे उभे होते, त्यांच्यावर दोऱ्या, आणि दोऱ्यांवर हजारो बोंबील वाळत होते. आम्ही बाकीच्या सगळ्या पदर नाकाला लावून पुढे सरकलो. ही तिथेच थांबली. ऊन त्या मासळीतून पलीकडे जात होतं, तिची पांढरी कातडी काचेसारखी उजळत होती, आणि शरयू तोंड उघडं टाकून पाहत होती. परतताना बसमध्ये ती एवढंच म्हणाली, की पांढऱ्यात इतके रंग असतात हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

मग दर गुरुवारी तिची वारी सुरू झाली. अंधेरीहून बस, हातात फळी, खांद्याला पिशवी. आमच्या आईला हे कळलं तेव्हा घरात जे झालं ते लिहिण्याजोगं नाही. अखेर तह झाला तो असा, की परत आल्यावर तिनं मागच्या दारानं यायचं, बादलीत कपडे टाकायचे, डोक्यावरून अंघोळ करायची आणि मगच कशाला शिवायचं. शरयूनं सगळ्या अटी हसत मान्य केल्या, कारण गुरुवार तिच्या हाती राहिला होता. आई म्हणायची, बायका सोळा सोमवार करतात, हे हिचे गुरुवार कसले? आणि मी म्हणायची, आई, सोमवार सोळाच असतात, हिच्या गुरुवारांचं उद्यापन काही दिसत नाही.

तिथे तिला पारूबाई भेटली. पारूबाईची स्वतःची होडी होती, म्हणजे नवऱ्याची होती पण सगळा व्यवहार बाईच्या हातात. पहिले काही आठवडे तिनं या पांढरपेशा बाईला उन्हात स्टुलावर बसलेली पाहिली आणि वेड लागलेली समजून सोडून दिली. मग एक दिवस मडक्यातलं प्यायचं पाणी आणून दिलं. मग बसायला सावली दाखवली. शरयू मात्र दुरूनच काढायची. आमच्यासारख्या घरातल्या माणसाचा पाय त्या दोऱ्यांच्या अगदी जवळ जात नाही, डोळे मिटले नाहीत तरी नाक मिटतं, आणि नाक मिटलं की माणूस नीट पाहत नाही, हे मला आता कळतं. 'वेसाव्याची सकाळ' त्या दिवसांतलं. मोठा कागद, मागे खाडीचं फिकट निळं पाणी, पुढे दोऱ्यांच्या रांगा आणि त्यांवर कागदाचा कोरा पांढरा सोडून काढलेले बोंबील. मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात त्याला जलरंगाचं दुसरं बक्षीस मिळालं. फोर्टातल्या एका सभागृहात समारंभ झाला. तिचं नाव पुकारलं तेव्हा दिनू उभा राहून टाळ्या वाजवत होता, मागच्या माणसानं त्याला कोट ओढून खाली बसवलं. परीक्षकांनी भाषणात त्या चित्रातल्या प्रकाशाबद्दल पुष्कळ सांगितलं. आम्ही व्हिक्टोरिया बग्गीतून स्टेशनावर आलो. तो दिनूचा हट्ट.

पुढच्या पहिल्या रविवारी ते चित्र दोरीवर होतं, आणि पाहुण्यांत पारूबाई होती. शरयूनं तिला मुद्दाम बोलावलं होतं. डोक्यात अबोलीचा मोठा वळेसर, हिरवंगार लुगडं, हातभर बांगड्या, अशी ती आमच्या जिन्यावरून वर आली तेव्हा इमारतीतली सगळी दारं एकेक वीत उघडली. आई देवघरात जाऊन बसली. पारूबाईनं सगळी चित्रं पाहिली, बक्षिसाच्या चित्रापाशी आली, जवळ गेली, आणखी जवळ गेली... आणि हसायला लागली. साधंसुधं नाही, पोट धरून, शेवटी जमिनीवर फतकल घालून. श्वास सापडल्यावर ती म्हणाली, "शेपटीनं टांगलंस गो बाय? वाऱ्यानं सगला खाली परल, न कावल्यांची दिवाली होईल."

चित्रात सगळे बोंबील शेपटीनं टांगलेले होते. एकेक, ओळीनं, दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यांसारखे. खरं म्हणजे बोंबील दोन-दोन टांगतात. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक या अंगाला, एक त्या अंगाला. कितीही वारा येवो, जोडी सुटत नाही. हे पारूबाईनं दोन हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवलं. सांगलीच्या मुलीनं दुरून पाहिलं होतं, आणि जे दिसलं नाही तिथे तिनं घरचं कपड्यांचं वाळवण घातलं होतं. परीक्षकांना ते दिसलं नाही. आम्हांला कोणालाच दिसलं नाही, कारण आमच्यापैकी कोणी जन्मात बोंबील हातात धरला नव्हता. पोस्टमास्तर खाकरून म्हणाले, की कलेत इतकं पाहायचं नसतं. शरयू तांबडीलाल झाली होती. तिनं हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा, आणि म्हणाली, "मग कशात पाहायचं? हे चित्र चुकलंय. मी ते मागे घेते."

ते तिनं खरंच मागे घेतलं. मंडळाला पत्र लिहिलं, की चित्र खोटं आहे, बक्षीस परत घ्यावं. चिटणिसांचं उत्तर आलं, की परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो आणि चित्राचं मोल मासळीच्या शेपटीवर ठरत नाही. इथे मला एक कबूल करायचं आहे. मीही तिला गप्प बसायला सांगितलं. मी म्हटलं, अगं, शेपूट आहे की तोंड, कोण बघतंय? ती म्हणाली, "पारूबाई बघतेय." तरी मी दोन दिवस फुरंगटून बसले होते, कारण घरात आलेला मान परत जावा असं मलाही वाटत नव्हतं. तिनं प्रशस्तिपत्र टपालानं परत धाडलं. ते रजिस्टर करायला तिच्याबरोबर पोस्टात गेला तो दिनू. त्यानंतर मंडळाच्या प्रदर्शनात तिचं एकही चित्र घेतलं गेलं नाही. सलग तीन वर्षं ती पाठवत राहिली आणि चित्रं परत येत राहिली, आणि परत आलेली चित्रं ती पुढच्या रविवारी दोरीवर लावून सांगायची, हे मंडळाला आवडलं नाही, मला मात्र यातलं पाणी आवडलंय.

बक्षीस परत केलं त्या साली मोसम सुरू झाला तेव्हा तिनं ब्रश नेलेच नाहीत. चार महिने दर गुरुवारी ती पारूबाईबरोबर बोंबील टांगत होती. ज्या घरात अंडं येत नाही त्या घरातली सून, ओल्या मासळीचे जबडे एकमेकांत अडकवत. पहिल्या दिवशी तिला ओकारी आली, दुसऱ्या गुरुवारी बोटाला दात लागले, चौथ्या गुरुवारी ती मला पोळपाटावर दोन पडवळांच्या तुकड्यांनी ते कसं करतात ते दाखवत होती. नेमकी आई आत आली. मग पंधरा दिवस शरयूला स्वयंपाकघर बंद आणि माझ्या हातच्या पोळ्या सगळ्यांना चालू. सोळाव्या दिवशी आईनंच तिला हाक मारून आत बोलावलं. माझ्या पोळ्यांचा एवढा उपयोग कधीच झाला नव्हता.

आणि मग तिची खरी चित्रं सुरू झाली, जी या शहरात आमच्या गॅलरीबाहेर कोणी पाहिलेली नाहीत. विलायती कागद मिळेनासा झाला होता, मिळेल त्या जाड्याभरड्या कागदावर, कधी पाठपोट दोन्ही बाजूंनी ती काढायची. आधी चित्रं रंगानं भरलेली असत, हळूहळू रिकामी व्हायला लागली. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो असं तिचं मत होतं, पांढरं म्हणजे सोडलेला कागद. पण ओला बोंबील नुसता पांढरा नसतो, त्यात गुलाबी असतं, राखाडी असतं, पलीकडचं आभाळ असतं, आणि तरी तो पांढराच दिसायला हवा. ती मला म्हणायची, "रंग लावायला मी शिकले, वन्सं. आता कुठे थांबायचं ते शिकतेय." कितीतरी कागद फुकट गेले. एखाद्या रविवारी दोरीवर सातच्या सात चित्रं फसलेली असत, आणि ती उभी राहून प्रत्येक कुठे फसलं ते सांगे, जराही न लाजता. कळी म्हणे. कळीला कोणी असं भर गल्लीत नापास होताना पाहिलंय का?

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी ती उशिरा परतली. डोळे लाल होते. बादलीत कपडे टाकताना म्हणाली, जरा ऊन लागलं. चित्राची फळी भिंतीला टेकवून ठेवली आणि मला म्हणाली, पाहू नका हं, रविवारी पाहा. तो पहिला रविवार आलाच नाही. आला म्हणजे, आला, पण ती अंथरुणात होती आणि शुद्धीत नव्हती.

आता पुन्हा त्या सोनेरी चौकटीकडे येते. मी दिनूशी भांडले. आम्ही भावंडं तशी भांडत नाही, आमच्यात तो ऐकतो आणि मी बोलते. या वेळी तोही बोलला. मी म्हटलं, हे चित्र तिनं नाकारलं होतं, तू स्वतः पोस्टात गेला होतास. तो म्हणाला, ठाऊक आहे. मग का लावलंस? त्यानं चौकटीवरचा हार सरळ केला. मग म्हणाला, "अक्का, त्या एका दिवशी सगळ्या सभागृहानं तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. नंतर कोणीच वाजवल्या नाहीत गं. एकदा तरी लोकांनी तिचं नाव घेऊन चांगलं म्हणू दे." माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू? क्षणभर वाटलं, राहू दे, लावू दे त्याला. पण लगेच मनात आलं, ज्या टाळ्या तिनं परत केल्या त्या आता तिच्या गळ्यात बांधायच्या? मी फळीवरचं ते शेवटचं चित्र आणलं, त्याच्यापुढे धरलं आणि म्हटलं, हे लाव. तो म्हणाला, यातही काही चुकलं असेल तर? तिनं ते कोणाला दाखवलंच नव्हतं. मी म्हटलं, मग विचारून येऊ.

माघातल्या एका गुरुवारी आम्ही दोघं वर्सोव्याला गेलो. अकरा वर्षांत दिनू तिथे प्रथमच आला होता, ऑफिसचा कोट घालून. पारूबाई आम्हांला पाहून उठली, शरयूची बातमी तिला आधीच पोचली होती. तिनं दिनूच्या खांद्यावर हात ठेवला आणि चित्र हातात घेतलं. त्यात तीच दोऱ्यांची रांग होती, पण जवळून, इतकी जवळून की दोनच जोड्या पूर्ण मावल्या होत्या. जबड्यात जबडा. अंगावर पाणी चमकत होतं आणि त्या चमकेत कुठेही पांढरा रंग नव्हता, नुसता कागद. खाली वाळूवर लहान, काळसर सावल्या. माझ्या मते त्याहून सुंदर काही तिनं काढलं नव्हतं. पारूबाई बराच वेळ पाहत होती. मग तिनं अंगठा सावलीवर ठेवला.

"चुकलाय," ती म्हणाली. "बोंबील सकालचं हायेत, वलं. न सावली बाराची हाय. बाराला बोंबील असा वला नाय राहत."

दिनूचा चेहरा उतरला. मग पारूबाई हळूच म्हणाली, की त्या दिवशी ती सकाळपासून बसली होती ती उठलीच नाही. "मी बोलले, उठ गो, तुझा आंग तापलाय, घरी जा. ती बोलते, थांब जरा, सावली येऊ दे."

आम्ही तिघं तिथे उभे होतो. बायका दोऱ्यांवर मासळी उलटत होत्या, कावळे ओरडत होते. मला एकदम कळलं, की त्या कागदावर तिची अख्खी सकाळ आणि अख्खी दुपार आहे, अंगात ताप घेऊन बसलेली, आणि ती चूक म्हणजे ती तिथून हलली नाही याचा पुरावा आहे. दिनूनं विचारलं, तिला हे कळलं असतं का? पारूबाई म्हणाली, "कलला असता. तिनं परत काढला असता." आणि चित्र परत देताना तिचा ओला, खारट अंगठा कोपऱ्यावर उमटला. मी रुमाल काढला, तर दिनूनं माझा हात धरला.

त्या संध्याकाळी त्यानं मंडळाला पत्र लिहिलं. मी मास्तरीण असून त्यात एक अक्षरही सुधारलं नाही. 'महाशय, "वेसाव्याची सकाळ" हे चित्र छापू नये. त्यातले बोंबील शेपटीने टांगलेले आहेत व चित्रकर्तीने ते चार वर्षांपूर्वी मागे घेतलेले आहे. तिचे शेवटचे चित्र आमच्या घरी लावले आहे. त्यातही एक चूक आहे. ती तिची आहे, आम्ही ती झाकणार नाही. पाहायचे असल्यास पार्ल्यास यावे.' उत्तर आलेलं नाही. त्यांच्या अंकाच्या मुखपृष्ठावर आता फुलदाणी येणार आहे, असं ऐकते.

सोनेरी चौकट गेली. बाहेरच्या खोलीत आता ते शेवटचं चित्र आहे, काचेशिवाय, चार खिळ्यांवर. पारूबाईच्या अंगठ्याचा डाग कोपऱ्यात तसाच आहे, आणि हवा दमट झाली की खोलीभर त्याचा वास सुटतो. गेल्या आठवड्यात आईच्या भजनी मंडळातल्या बायका आल्या होत्या. एकीनं पदर नाकाशी नेला आणि इकडेतिकडे पाहत विचारलं, काकू, हा वास कसला येतोय? मी काही बोलणार तेवढ्यात आई जागची उठली, चित्राजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बोंबलाचा. माझ्या सुनेचा आहे. बसायचं तर बसा."